मुलाला आफ्रिकन ग्रे पोपट पाहिजे, आणि घरात मिठू आहेच. काय करावं?

अनगोळची_काकू:

नमस्कार. आमचं घर बेळगावच्या अनगोळात. मुलगा यंदा सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, सायन्स. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा त्याच्या बाबांनी "काय पाहिजे ते माग" म्हणून सांगून ठेवलं होतं. ती उधारी आता वसूल व्हायली आहे. त्याला आफ्रिकन ग्रे पोपट पाहिजे. राखाडी अंग, लाल शेपूट, माणसासारखा बोलतो म्हणे. विकणारा इन्स्टाग्रामवर सापडलाय. चाळीस हजार सांगतोय, पिंजरा वेगळा. मी स्वतः फोन लावून विचारलं की हे कायद्यात बसतं का, तर म्हणाला, "मॅडम, फॉरेनच्या पक्ष्याला कायदा नाही. कायदा आपल्या देशी पोपटाला आहे."

हे ऐकून मी जास्तच घाबरले. कारण देशी पोपट आमच्याकडं आहे की! सासऱ्यांचा मिठू. जांबोटीकडं आमचं मूळ गाव, तिथून कुणीतरी पिल्लू आणून दिलं, मुलगा प्रायमरीत असताना. सासरे सकाळी त्याला घेऊन पडवीत बसतात. तो खांद्यावर चढून त्यांचा कान कुरतडतो, "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो, त्यांच्या चहातलं बिस्कीट खातो. कुकरची शिट्टी तर अशी काढतो की मी अजून फसते.

सासऱ्यांचं म्हणणं असं, की आमच्या लहानपणी गावात घरोघरी काहीतरी असायचंच. पोपट, ससा, एका घरी तर भेकर होतं. कोण तुरुंगात गेलं?

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आफ्रिकन ग्रे घ्यावा का, आणि मिठूचं काय करायचं. एक विनंती, "घेऊ नका, पाप लागतं" असं नुसतं सांगू नका. मुलाला ते पटत नाही. कारणं सांगा.

पिसारा_टिळकवाडी:

काकू, मी स्वतः पक्षी ठेवतो. बजी आणि कॉकाटेल, गच्चीवर मोठं जाळीचं घर केलंय. म्हणजे मी काही पाळण्याच्या विरोधातला नाही, हे आधीच सांगतो. आपल्या बाजारात "लव्हबर्ड" म्हणून जे विकतात ते बहुतेक बजीच असतात. त्यांच्या कितीतरी पिढ्या पिंजऱ्यातच झाल्यात. त्यांना आणि रानातून धरून आणलेल्या पोपटाला एकाच मापानं मोजू नये असं माझं मत आहे.

पण तो विकणारा तुम्हाला अर्धवट सांगतोय. फॉरेनच्या पक्ष्याला कायदा नाही, हे पूर्वी बरंच खरं होतं. आता नाही. साइटिस म्हणून रानटी प्राण्या-पक्ष्यांच्या व्यापाराचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या पहिल्या परिशिष्टात आफ्रिकन ग्रे जानेवारी २०१७ पासून आहे. म्हणजे सगळ्यात कडक यादी. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यात साइटिसमधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले, की असा प्राणी ज्याच्याकडं असेल त्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. जुन्या मालकांना सहा महिन्यांची मुदत होती, ती कधीच संपली. आता नवीन घेतलात तर तीस दिवसांत नोंद करावी लागते. आणि पहिल्या परिशिष्टातल्या पक्ष्याची पैदास करून विकणाऱ्याकडं मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना पाहिजे.

तर त्याला तीन गोष्टी मागा: परवाना, त्याच्या नावावरची नोंद, आणि बिल. बहुतेक वेळा "बिल नंतर पाठवतो" म्हणून विषय तिथंच संपतो. कागद नसेल तर पक्षी कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

बाकी पक्षी म्हणून विचाराल तर आफ्रिकन ग्रेला तोड नाही. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग म्हणून संशोधक आहेत, त्यांचा अ‍ॅलेक्स नावाचा ग्रे होता. त्याला पन्नासेक वस्तूंची नावं यायची, रंग आणि आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा. २००७ साली गेला, एकतीस वर्षांचा होऊन. तुमच्या मुलाला हा पक्षी का पाहिजे ते मला अगदी कळतं!

गुरांचा_डॉक्टर_खानापूर:

ताई, मी खानापूर तालुक्यात सरकारी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझं काम गायी-म्हशींचं. पण रानाला लागून असलेल्या दवाखान्यात काय यायचं राहतं? बनियनमध्ये गुंडाळलेलं शेकरूचं पिल्लू, पोत्यातला मोर, कुणाच्या तरी सापळ्यात पाय गेलेलं साळिंदर. "सर, तेवढं एक इंजेक्शन मारा की." कसलं इंजेक्शन, किती, ते त्यांनाही माहीत नसायचं आणि खरं सांगायचं तर कुठल्या पुस्तकातही धड नसायचं.

टिळकवाडीच्या पोरानं बाहेरच्या पक्ष्याचा कायदा नीट सांगितलाय. मिठूचा मी सांगतो. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून देशात बंद आहे. पोपट १९७२ च्या कायद्यात पूर्वी खालच्या अनुसूचीत होता, दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आलाय. ठेवणं गुन्हाच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या सासरेबुवांच्या लहानपणी हा कायदा नव्हता. त्यामुळं कोण तुरुंगात गेलं, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या काळापुरता बरोबर आहे.

पण ते भेकर शेवटी काय झालं, ते त्यांना विचारा बघू. मी जे पाहिलंय ते सांगतो. पाडस गवतात एकटं दिसलं की माणसाला वाटतं, आई मेली, बिचारं पोरकं झालं. आई मेलेली नसते. पाडसाला लपवून ती चरायला गेलेली असते, तास-दोन तासांनी येऊन पाजून जाते. आपण दया करून उचलतो तेव्हाच ते पोरकं होतं. घरी आणून गायीचं दूध पाजतात, त्याला हगवण लागते, बहुतेक तिथंच संपतं. एखादं जगलं आणि नर निघाला, तर पुढची गंमत आणखी वेगळी. भेकराच्या नराला शिंगं लहान असली तरी वरचे सुळे बाहेर येतात. रानातलं भेकर माणसाचा वास आला की पळतं, घरात वाढलेलं पळत नाही, अंगावर येतं. कणकुंबीकडच्या एका घरी अशा पाळलेल्या नरानं घरच्याच कुत्र्याचं पोट फाडलं. टाके मी घातले. कुत्रं वाचलं. त्या भेकराला मग रानाच्या कडेला नेऊन सोडलं, तर ते संध्याकाळी पुन्हा त्यांच्याच परड्यात. शेवटी वनखात्याला कळवलं.

माकडाचंही तसंच. घाटातल्या एका हॉटेलवाल्यानं गिऱ्हाईक थांबावं म्हणून माकड बांधलं होतं. कमरेला साखळी. पिल्लू असताना बांधली ती कुणी सैल केलीच नाही. माकड वाढलं, साखळी तेवढीच. मला बोलावलं तेव्हा कातडं साखळीवरून वाढलं होतं, बाहेरून कडीच दिसत नव्हती. पू, माश्या. हॉटेलवाला वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. रोज केळी द्यायचा, बाळ म्हणून हाक मारायचा. पोरं चावून घ्यायची, मग त्यांच्या आया रेबीजच्या सुया घ्यायला धावायच्या. आणि आमच्या पलीकडं गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, खाली दोडामार्गात माकडताप आला ती वर्षं आठवून बघा. तो गोचिडातून येतो, आणि गोचीड माकडाच्या अंगावरून येतात. १९५७ साली आपल्याच राज्यात, शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा सापडला. रानातलं माकड दारात बांधायचं म्हणजे हे सगळं दारात बांधायचं.

आता तुमच्या ग्रेकडं येतो.

मी बेंगळुरात हेब्बाळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो. तिथं आम्हाला पक्षी म्हणून जो शिकवला तो कोंबडी. कोंबडीत एक मेली की पाच हजार वाचवायच्या, असं ते शास्त्र. तुमच्या चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या एकट्या पोपटाला श्वास लागला तर त्याला भूल किती द्यायची, रक्त कुठून काढायचं, हे रोज करणारा डॉक्टर लागतो. तो पुण्या-बेंगळुरात मिळेल. आणि पक्षी आजार लपवतो. रानात आजारी दिसला की तो गेलाच, म्हणून शेवटपर्यंत फांदीवर ताठ बसतो. मालकाला कळतं तेव्हा तो पिंजऱ्याच्या तळाला आलेला असतो. तिथून पुण्याला न्यायला पाच-सहा तास.

डॉक्टर असूनही काय होतं ते तर आपण सगळ्यांनी पाहिलं. बेळगावजवळच्या भुतरामट्टीच्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर २०२५ मध्ये काही दिवसांत तीसच्या वर काळवीट गेले. घटसर्प. हा रोग मी गुरांत आयुष्यभर बघितला. पावसाळ्याआधी लस टोचत गावोगाव फिरायचो, तो किती झपाट्यानं नेतो हे मला ठाऊक आहे. जिथं कुंपण आहे, कर्मचारी आहेत, डॉक्टर येतो, तिथं ही गत.

पण हे सगळं बाजूला ठेवा. समजा कागद आहेत, डॉक्टर आहे, पैसे आहेत. तरी माझा एकच प्रश्न उरतो आणि तो तुमच्या मुलाला विचारा. बाळ, तू सेकंड पीयूसीला आहेस. पुढं इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल, मग नोकरी. बेळगावात किती मुलं नोकरीला राहिली? आमच्या गल्लीत मोजायला घेतलं तर सगळे पुण्याला, बेंगळुरूला, काही परदेशात. सणाला येतात. आफ्रिकन ग्रे चाळीस-साठ वर्षं जगतो. तू जाशील, तो इथं राहील. तुझ्या आईकडं. ताई, राग मानू नका, तुम्ही आणि तुमचे मालक तेव्हा साठीत असाल, आणि तो अजून भर तारुण्यात.

हे मी हवेत बोलत नाही. हिंदवाडीत एक जोडपं आहे, ओळखीचं. मुलगा कॉलेजात असताना त्यानं निळा-पिवळा मकाव आणला. पक्षी फार देखणा, सगळी गल्ली बघायला यायची. मुलगा नोकरीला गेला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालक ठेवू देईना. पक्षी आईबाबांकडं राहिला. त्यांनी कसली कसर केली नाही हो, बदाम, फळं, सगळं. पण पोपटाच्या जातीत जोडीदार लागतो, आणि त्यानं जोडीदार मानला होता मुलाला. मला बोलावलं तेव्हा छातीवर एक पीस नव्हतं. स्वतःच उपटलेली. कातडीचा आजार समजून मलम आणून ठेवलं होतं त्यांनी. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की आवाज ऐकून पक्षी जाळीला चिकटायचा आणि कॉल संपल्यावर तासभर ओरडायचा. असा की शेजारी तक्रार करायचे. शेवटी आई मागच्या खोलीत दार लावून मुलाशी हळू आवाजात बोलायला लागली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराशी! औषध माझ्याकडं नव्हतं, कुणाकडंच नसतं.

अ‍ॅलेक्सचं उदाहरण त्या पोरानं दिलं ते चांगलं दिलं. पण त्या पक्ष्याबरोबर दिवसभर माणसं काम करत होती. तेवढी अक्कल असलेला जीव, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हॉलमध्ये एकटा. मुलगा कॉलेजला, मग ट्यूशनला, मग मोबाइलवर.

आणि तो येतो कुठून? घाना देशात १९९० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत हे पक्षी नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाले. रान तुटलं हे एक कारण, पिंजऱ्यासाठी धरले हे दुसरं. आपल्याकडचं चित्र वेगळं नाही. पोपट जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो. पिल्लं काढायला हात जात नाही म्हणून कोयत्यानं ढोलीचं तोंड मोठं करतात. मग पाऊस आत जातो, पुढल्या वर्षी तिथं कुणी अंडी घालत नाही. पोपटही नाही, धनेशही नाही, पिंगळाही नाही. एका मिठूमागं ढोलीचा हा हिशोब कुणी धरत नाही.

मिठूबद्दल माझं मत: वनखात्याच्या रेंज ऑफिसला सांगून त्यांच्या ताब्यात द्या. एक मात्र करू नका, गच्चीवर जाऊन सोडून देऊ नका. पुण्य म्हणून बरेच जण सोडतात. माणसाच्या खांद्यावर वाढलेल्या पोपटाला घार म्हणजे काय ते माहीत नाही, खायचं कुठं शोधायचं ते माहीत नाही. संध्याकाळपर्यंत कावळे खलास करतात.

ऊसवाला_निपाणी:

डॉक्टरसाहेब, चांगलं लिहिलंय. आमच्याकडं वेगळाच ताप. ऊसतोड सुरू झाली की फडात मांजराएवढी पिल्लं सापडतात. टोळीची पोरं लगेच "बिबट्या" म्हणून स्टेटस ठेवतात, गाव गोळा होतं. मागच्या हंगामात अशीच दोन सापडली. कान टोकदार, अंगावर ठिपके नाहीत, म्हणजे बिबट्या नव्हे हे मलाही कळलं. पण एका पोरानं एक पिल्लू घरी नेलं, म्हणतो मांजरच आहे की, पाळतो. तर रानमांजर पाळलं तर चालतं का? घरच्या मांजरासारखंच दिसतंय.

गुरांचा_डॉक्टर_खानापूर:

दिसतं, पण नव्हे. रानमांजराला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते मोठं झालं की शेजारच्यांच्या कोंबड्या धरणार, मग शेजारी त्याला विष घालणार. एवढं लांब जायचंच नाही. फडात पिल्लू दिसलं की तेवढा पट्टा तोडायचा थांबवा, गर्दी हटवा. हात लावायचा नाही, दूध पाजायचं नाही. उचललं गेलंच असेल तर ज्या सरीत सापडलं तिथंच संध्याकाळी खोक्यात ठेवा आणि माणसं लांब जा. आई जवळपासच असते, अंधार पडला की येऊन तोंडात धरून नेते. बिबट्याची पिल्लं असतील तर मात्र स्वतः काही करू नका, वनखात्याला बोलवा. जुन्नरकडं माणिकडोहच्या केंद्रातली माणसं वनखात्याबरोबर हेच करतात. खोकं ठेवतात, आई येते, पिल्लं घेऊन जाते. आमच्याकडं लोक खोक्यापासून हटत नाहीत, तीच अडचण. प्रत्येकाला व्हिडिओ पाहिजे.

बाकी मांडूळ आणि वीसनखी कासव यांच्या नादाला लागलेले कुणी इथं असतील तर त्यांना वेगळं सांगत बसत नाही. त्यांना प्राणी नको असतो, गुप्तधन पाहिजे असतं. त्याला माझ्याकडं औषध नाही.

सदलग्याचा_अण्णा:

सगळं पटलं, पण एक विचारतो. नांदणीच्या जैन मठाच्या महादेवी हत्तिणीला नेलं तेव्हा हेच सगळं सांगत होते. जखमा आहेत, नखं वाढलीत, एकटी आहे. तीस-बत्तीस वर्षं ती आमच्यात होती. आम्ही लहान असल्यापासून पंचकल्याणक पूजेत तिला बघितलं. जुलै २०२५ मध्ये हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं, आणि ती जामनगरला, अंबानींच्या वनतारात गेली. त्या रात्री लोक ढसाढसा रडले. नंतर नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत माणसं चालत गेली, त्यात आमच्या गावचेही होते. आता डॉक्टर, सरळ सांगा. आम्ही तिला त्रास देत होतो? का गरिबानं ठेवलं तर गुन्हा आणि मोठ्यानं ठेवलं तर सेवा?

गुरांचा_डॉक्टर_खानापूर:

अण्णा, अवघड जागी हात घातलात. टाळत नाही.

हत्तीचं कायद्यात वेगळं आहे. मालकीचा दाखला असेल तर हत्ती ठेवता येतो, पोपटाला तशी सोय नाही. त्यामुळं महादेवीची आणि मिठूची कायद्याची तुलना होत नाही. मोठ्यांच्या बाबतीत कायदा कसा वाकतो यावर तुमचा राग आहे, त्यात मी तुम्हाला खोटं पाडणार नाही. तो प्रश्न विचारत राहायलाच पाहिजे.

पण डॉक्टर म्हणून विचारलंत म्हणून सांगतो. हत्तीचं सगळं आयुष्य त्याच्या पायावर असतं. रानात तो दिवसाला मैलोन्‌मैल मऊ मातीवर, चिखलात चालतो, नखं आपोआप घासली जातात. फरशीवर उभा राहिला की तळवा फाटतो, नखं वाढतात, मग तिथं पू होतो. मी देवस्थानांचे हत्ती तपासलेत, नावं घेत नाही. माहुताची माया, गावाची माया, सगळं खरं असायचं. मी पायाला हात लावला की तेच लोक डोळे पुसायचे. पण मायेनं नखं कापली जात नाहीत, आणि हत्तीला दुसरी हत्तीण लागते, ती हजार माणसांनी भरून निघत नाही. तुम्ही त्रास देत होता असं मी म्हणत नाही. तिला त्रास होत होता, असं कोर्टापुढं आलेल्या अहवालांत होतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. हे मठाला आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं, इथल्या इथं मोकळी जागा आणि डॉक्टर दिला असता, तर कदाचित तो दिवस आला नसता. हे माझं वैयक्तिक मत.

सदलग्याचा_अण्णा:

इथल्या इथं जागा, हेच आम्हीही म्हणत होतो. असो.

अनगोळची_काकू:

सगळ्यांचे आभार. विकणाऱ्याकडं परवाना आणि बिल मागितलं. आधी म्हणाला पाठवतो, मग म्हणाला "तुम्ही लेडीज लोक फार खोलात जाता", आता मेसेज बघतो पण उत्तर देत नाही.

डॉक्टरांचं उत्तर मुलाला वाचायला दिलं. त्याला लिहायचं आहे म्हणतो, माझ्याच खात्यावरून लिहितोय:

*सर, मी तो मुलगा. हिंदवाडीच्या मकावचं वाचलं. पण तुम्ही धरूनच चाललाय की मी जाणार आणि विसरणार. मी बेळगावातच राहिलो तर? आणि दुसरं, पिसारादादा ठेवतात ते चालतं, मग मी ठेवलं तर का नाही?*

गुरांचा_डॉक्टर_खानापूर:

बाळ, राहिलास तर मला आनंदच आहे, इथं चांगली माणसं कमी पडायलीत. पण सतराव्या वर्षी तू चाळीस वर्षांचा शब्द देऊ नकोस. मी तुझ्याकडून तो मागतही नाही. पक्षी मागतो, आणि त्याला नंतर बदलून घेता येत नाही.

दुसऱ्याचं उत्तर पिसारा देईल. माझ्या मते फरक वर्षांचा आहे. बजी सात-आठ वर्षं, फार तर दहा. थव्यात राहतो, त्याला तूच पाहिजेस असं नाही. तू शिकायला गेलास तर त्याचे सोबती त्याच्याजवळ असतात.

पिसारा_टिळकवाडी:

बरोबर. शिवाय मी माझे पक्षी विकत नाही आणि त्यांना पिंजऱ्यात एकटं ठेवत नाही. भावा, एक सुचवतो. एखाद्या रविवारी माझ्याकडं ये, जाळीचं घर साफ करू लाग. बिया, विष्ठा, पिसं, पाण्याची भांडी. दोन-तीन रविवार टिकलास तर पुढं बोलू. आणि पक्षीच बघायचे असतील तर जांबोटीला गावी जातोस तेव्हा सकाळी लवकर उठ. तुमच्या रानात निळ्या पंखांचा पोपट आहे, तो पश्चिम घाट सोडून जगात कुठंच नाही. ग्रेसाठी चाळीस हजार घालतोस त्याच्या चौथाईत चांगली दुर्बीण येते.

अनगोळची_काकू:

रविवारी येतो म्हणतोय. दुर्बिणीवर गप्प आहे, म्हणजे विचार चाललाय. बाबांनाही स्वस्तात सुटल्याचं समाधान!

मिठूचा विषय मात्र अडलाय. सासरे म्हणतात, "मला आधी न्या, मग त्याला न्या." त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, जोर तरी किती करणार. नवरा म्हणतो रेंज ऑफिसला जाऊन आधी बोलून येतो. तिथं सगळं कन्नडात, आणि आपणहून गेलो म्हणून उलट केसच घातली तर? आणि तोपर्यंत त्याला खायला काय द्यायचं? आम्ही भिजवलेली हरभरा डाळ, मिरची, शेंगदाणे आणि ते चहाचं बिस्कीट देतो.

गुरांचा_डॉक्टर_खानापूर:

सासरेबुवांना मी भेटायला येतो, माझं वयही फार कमी नाही, आमचं जमेल. त्यांना भेकराचं विचारायचंच आहे.

ऑफिसात जाताना अर्ज लिहून न्या. पक्षी केव्हापासून आहे, कुणी दिला, आता स्वखुशीनं ताब्यात देत आहोत, एवढं पुरे. केस होणारच नाही असा शब्द मी देऊ शकत नाही, तो त्यांचा अधिकार. पण घरी येऊन धरणं आणि आपण होऊन देणं यात अधिकारी फरक करतात, हे मी नोकरीत असताना पाहिलंय. ओळखीचा वकील असेल तर बरोबर न्या. कन्नडात अर्ज मी लिहून देतो, नोकरी सगळी त्याच भाषेत गेली. दिल्यावर पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून. पक्षी पुढं कुठं ठेवणार, तेही विचारा.

खाण्याचं: मिरची दिली तरी चालेल, पक्ष्याला ती तिखट लागतच नाही. चहाचं बिस्कीट आजपासून बंद, चहा त्याच्या काळजाला वाईट. शेंगदाणे दोन-चारच. शेवग्याचा पाला, गाजर, पेरू, मक्याचं कणीस, मोड आलेले मूग, हे रोज थोडं थोडं. बटर फ्रूट, म्हणजे अ‍ॅव्होकॅडो, अजिबात नाही, ते पोपटाला विष आहे. आणि त्याचा पिंजरा स्वयंपाकघराजवळ असेल तर हलवा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी दहा मिनिटांत जातो. डोसे करत असाल ना त्यावर?

अनगोळची_काकू:

पिंजरा स्वयंपाकघराच्या दारातच होता, म्हणून तर शिट्टी शिकला. आज पडवीत हलवला. बिस्कीट बंद केलं म्हणून सासरे माझ्याशी बोलत नाहीत, मिठूही नाही. तुम्ही शनिवारी आलात तर बरं होईल, त्या दिवशी नवऱ्यालाही सुट्टी असते.